गाडीच्या चाकांना रंग : घरी की कारागिराकडे?

भाचीच्या निकाहला पंधरा दिवस उरले होते. अम्मींना घेऊन घाटातून जायचे, म्हणून गाडी धुवायला काढली, तर चारही अलॉय चाके कळकट दिसली. गाडी आम्ही जुनीच घेतलेली आणि घर समुद्राजवळ. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. पण दगड लागून किंवा फुटपाथला घासून वरचे पारदर्शक लॅकर फुटले की खारी, ओलसर हवा आत शिरते. मग लॅकरखाली पांढरी भुकटी धरते आणि पापुद्रे सुटू लागतात.

कारागिराने सांगितलेला चार चाकांचा खर्च आम्हांला जड वाटला. थोरला मुलगा म्हणाला, "अब्बा, घरीच रंगवू या." आम्ही बापलेकांनी तसे ठरवले.

या कामात रंग मारणे सोपे, तयारी किचकट. एका वेळी एकच चाक काढावे आणि त्या जागी स्टेपनी लावावी. जॅक सपाट जागी लावावा, हँडब्रेक ओढून दुसऱ्या चाकांना दगड लावावेत. काढलेले चाक साबणाने धुऊन ब्रेकची काळी भुकटी आतून-बाहेरून काढावी, नंतर थिनरने तेलकटपणा पुसावा. आधी 320 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने सुटलेले लॅकर घासून काढावे. टायर झाकायला आम्ही लग्नाच्या जुन्या पत्रिका वापरल्या. टायर आणि रिमच्या फटीत त्या छान बसतात. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर रंग नीट धरत नाही, म्हणून त्या धातूसाठीचा एचिंग प्रायमर आधी मारावा. त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि शेवटी लॅकर मारावे. नट बसतात ती भोके आणि चाक हबला टेकते ती मागची बाजू कोरीच ठेवावी. तिथला रंग दबला की नट सैल पडू शकतात. पावसाळी दमट हवेत हे काम करू नये. मोकळ्या जागेत मास्क लावून करावे, मुलांना दूर ठेवावे.

तीन चाके चांगली झाली. चौथे धुताना मुलाने आतल्या बाजूला केसाएवढी रेघ दाखवली. घासली, तरी जाईना. तो तडा होता! या चाकातली हवा दर आठवड्याला उतरायची आणि आम्ही दोष व्हॉल्व्हला देत होतो. वरवर धुऊन रंग मारला असता, तर तडा दिसेनासा झाला असता आणि आम्ही अम्मींना त्याच चाकावर बसवून घाटात गेलो असतो.

चाक घेऊन आम्ही कारागिराकडे गेलो. तिथे टायर उतरवून चाक फिरवून पाहतात, वाक आहे का, तडा आहे का ते तपासतात. मग जुना रंग रसायनाने किंवा वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने काढतात. पावडर कोटिंग करून सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. हा थर स्प्रे कॅनच्या रंगापेक्षा बराच टिकाऊ असतो. चकचकीत कापीव चेहऱ्याच्या चाकांना लेथ मशीन लागते. ते काम घरी होत नाही, आणि दर वेळी थोडा धातू जात असल्याने तेही पुन्हापुन्हा करता येत नाही.

तडा वेल्डिंगने भरून मिळेल का, असे आम्ही विचारले. कारागीर नको म्हणाला. अलॉय चाकाला ताकद नेमक्या तापमानाच्या उष्ण प्रक्रियेने आलेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती जागा नरम पडते. आम्ही ते चाक बाद केले आणि नवे घेतले.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. नुसते ओरखडे आणि फिकेपणा असेल, तर घरी रंगवायला हरकत नाही. चाक वाकलेले असेल, हवा उतरत असेल किंवा वेगात स्टिअरिंग थरथरत असेल, तर रंगाचा डबा बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी. टायर उतरवला असेल, तर बॅलन्सिंग करून घ्यावे. नट आडवे-तिडवे, समोरासमोर आवळावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा पाहावेत. गाडी विकायची झाली, तर तडा रंगाखाली झाकू नये. त्या चाकावर उद्या दुसऱ्या कुणाची लेकरे बसणार असतात.

आमच्या गाडीला आता तीन चाके घरी रंगवलेली आणि एक नवे आहे. रंगाची छटा जुळत नाही. निकाहच्या दिवशी ते कुणाच्या लक्षातही आले नाही.