विक्रोळीचा नकाशा कुणी काढायचा?

विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगर, त्यापलीकडे कांदळवन आणि ठाणे खाडी. २०२२ मध्ये या खाडीला रामसर दर्जा मिळाला. अशा वस्तीचं पुढच्या वीस वर्षांचं चित्र कुणी रंगवायचं? कायद्याने महापालिकेने; १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार नागरिकांच्या हरकती ऐकून.

फेब्रुवारी २०१५ मध्ये असं चित्र, म्हणजे मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा, आला आणि हरकतींचा पाऊस पडला. वारसा वास्तूंच्या नोंदी चुकलेल्या, आरे कॉलनी बांधकामाला खुली होण्याची चिन्हं. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा दुरुस्त करायला लावला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, तर आराखडा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

लोक मसुदा झाल्यावरच जागे झाले, असं मात्र नाही. मसुद्याआधी, त्या वेळच्या जमीनवापराचे नकाशे निघाले तेव्हाच ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’ने वस्त्यावस्त्यांत चर्चा सुरू केल्या होत्या. खरी मेख तिथेच असते: आजची वस्ती, बाजार, मैदान नकाशावर नसेल, तर उद्याच्या आरक्षणात ते येणार कुठून?

चालू आराखडा २०३४ पर्यंतचा आहे. पुढच्याचे पहिले नकाशे लागतील, तेव्हा विक्रोळीकरांनी आपली गल्ली आणि खाडीकाठ त्यात आधी शोधावा.