बालवाडीचं वर्कशीट काय शिकवतं आणि काय नाही

नर्सरी, ज्युनिअर, सिनिअर केजीच्या मुलांच्या दप्तरात हल्ली एक जाड फाइल असते. तिच्यात महिन्याभराची वर्कशीट्स असतात. ठिपक्यांवरून गिरवलेल्या उभ्या-आडव्या रेघा असतात, ज्यांना इंग्रजी माध्यमात 'स्टँडिंग लाइन' आणि 'स्लीपिंग लाइन' म्हणतात. मोजून आकड्याला गोल केलेली सफरचंदं असतात, मोठ्या हत्तीवर केलेली बरोबरची खूण असते. पालकसभेत ही फाइल हाती पडते आणि महिन्याभरात मूल काय शिकलं, याचा पुरावा म्हणून चाळली जाते. फी भरणाऱ्या आईवडिलांना डोळ्यांना दिसेल असं काही हवं असतं. एका खोलीत तीस-चाळीस मुलं सांभाळणाऱ्या टीचरना थोडा वेळ तरी सगळी एका जागी बसलेली हवी असतात. या दोन्ही गरजा खऱ्या आहेत. पण त्यांच्यापायी तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे कितीतरी तास कागदापुढे जातात, म्हणून त्या कागदाभोवती जमलेले समज नीट तपासायला हवेत.

मी वर्कशीट हातात घेते तेव्हा आधी एवढंच पाहते, की इथे मुलाला स्वतः काही ठरवावं लागतंय का. पुढचे बहुतेक गैरसमज या एका प्रश्नापाशी उलगडतात.

गैरसमज : जितकं लवकर गिरवायला लावू, तितकं लवकर अक्षर येईल

हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत घट्ट समज. पाटीवर गिरवूनच आपण शिकलो, असं आजीआजोबाही सांगतात आणि त्यात तथ्य आहे. फरक इतकाच, की त्यांच्यातले बरेच जण सहाव्या-सातव्या वर्षी शाळेत बसले होते. आज तेच काम साडेतीन वर्षांच्या मुलाकडून करून घेतलं जातं.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचता न येणाऱ्या, साधारण पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी अक्षरांचा सराव तीन प्रकारे दिला. काही अक्षरं कोऱ्या कागदावर पाहून काढायची, काही ठिपक्यांवरून गिरवायची आणि काही कळफलकावर टाइप करायची. नंतर तीच अक्षरं दाखवून एमआरआयमध्ये मेंदूचं काम पाहिलं. वाचनाशी निगडित भाग ठळकपणे जागे झाले, ते मुलांनी स्वतःच्या हाताने मोकळी काढलेली अक्षरं पाहताना. गिरवलेल्या किंवा टाइप केलेल्या अक्षरांबाबत तसं घडलं नाही. अभ्यास लहान होता, मुलं पंधराच होती, त्यामुळे त्याला अखेरचा शब्द मानू नये. पण संशोधकांनी सुचवलेलं कारण विचार करण्याजोगं आहे. मोकळ्या हाताने काढलेलं अक्षर दर वेळी थोडं वेगळं येतं. कधी पोट मोठं, कधी दांडी वाकडी. या वाकड्यातिकड्या नमुन्यांतूनच मेंदू हेरतो, की अक्षर अक्षर राहायला नेमकं काय लागतं. ठिपक्यांवर ते आधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. सुरुवात कुठून करायची, कुठे वळायचं, कुठे थांबायचं यांपैकी काहीही मुलाला शोधावं लागत नाही.

हाताच्या तयारीचाही एक क्रम आहे. पाहून आकार काढायला सांगितला, तर उभी रेघ आणि गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या सुमारास, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण त्यानंतर. पत्त्यांतल्या चौकटचा तिरपा आकार यायला बऱ्याच मुलांना सहा-सात वर्षं लागतात. आता आपलं 'अ' पाहा. एकाखाली एक दोन अर्धगोल, मधून निघणारी आडवी रेघ, उभी दांडी आणि वर शिरोरेघ. ज्याला अजून चौकोन जमत नाही, त्याच्यापुढे वर्णमालेचं पहिलं अक्षर म्हणून आपण हे ठेवतो. 'ग', 'र', 'प', 'ट' ही हाताला सोपी अक्षरं. म्हणूनच अनुभवी शिक्षिका वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून आकारांच्या गटांनी अक्षरं घेतात. ज्याला रेघ आणि गोल नीट जुळवता येतो, त्याला 'ठ' काढताना फार अडत नाही.

मग हात तयार कसा होतो? मटार सोलताना, मेथी निवडताना, कणकेचे गोळे वळताना, चिमट्याने चिंचोके उचलताना, माळ ओवताना. आणि त्याहीआधी खांद्यातून: झाडाला, बारला लोंबकळताना, भिंतीवर ओला ब्रश फिरवताना, अंगणात खडूने मोठाले गोल काढताना. लिहिण्याची हालचाल बोटांत दिसते, पण तिला आधार खांद्याचा आणि पाठीचा लागतो.

गैरसमज : लहान मुलांच्या हाताची हाडंच तयार नसतात, म्हणून लिहायला लावणं घातक

हा समज उलट बाजूचा आणि व्हॉट्सअॅपवर फार फिरणारा. सोबत दोन एक्सरे असतात. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ हाडं दिसतात, लहान मुलाच्या मनगटात मोकळ्या जागा.

एक्सरे खरे असतात, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकतो. मनगटाची आठही हाडं जन्मतः कूर्चेच्या रूपात असतात. त्यांचं एकेक करून पक्क्या हाडात रूपांतर होतं आणि शेवटच्याची पाळी साधारण आठव्या ते बाराव्या वर्षादरम्यान येते. एक्सरेत कूर्चा उमटत नाही, म्हणून जागा रिकामी दिसते. हाडांच्या कारणाने लिहिणं थांबवायचं, तर बारा वर्षांपर्यंत थांबावं लागेल. त्याच मनगटावर भार देऊन मूल झाडावर चढतं आणि त्याला काही होत नाही.

चौथ्या वर्षी पानंच्या पानं लिहायला लावू नये, याचं खरं कारण स्नायूंवरचा ताबा, डोळे आणि हात यांचा मेळ आणि बसण्याची ताकद अजून घडत असते, हे आहे. योग्य गोष्टीसाठीही चुकीचं कारण देऊ नये. एक्सरेचा दावा खोटा ठरला, की त्यासोबतचा बरोबर सल्लाही लोक मोडीत काढतात.

पेन्सिलीच्या पकडीचंही थोडं असंच आहे. तीन बोटांची पकड बऱ्याच मुलांना साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान साधते. चौथीतल्या मुलांचं लेखन तपासणाऱ्या एका कॅनेडियन अभ्यासात चार वेगवेगळ्या पकडी आढळल्या आणि अक्षराच्या वेगात किंवा वाचनीयतेत त्यांनी फरक पडत नव्हता. तीन वर्षांच्या मुलाने मुठीत खडू धरला, तर धरू द्यावा.

गैरसमज : वर्कशीट बरोबर आलं, म्हणजे अंक कळले

'मोजा आणि लिहा' या पानावर पाच फुगे असतात, खाली चौकट. मूल पाच लिहितं, टीचर स्टार देतात. या पाचामागे काय असतं? बऱ्याचदा शेजाऱ्याची वही, वरच्या ओळीचा अंदाज किंवा मागे उभ्या आईचं बोट.

रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. त्यांतली तीन घरात रोज पाहता येतात. एका वस्तूला एकच अंक द्यायचा. अंकांचा क्रम बदलायचा नाही. आणि शेवटी उच्चारलेला अंक हीच एकूण संख्या. तिसरं सगळ्यांत उशिरा पक्कं होतं. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास मुलांना एक साधं काम दिलं: मला एवढ्या वस्तू दे. घडाघडा मोजणारी मुलं 'तीन दे' म्हटल्यावर मूठभर उचलून देत होती. उजळणी पाठ होती, संख्या अजून हाती आली नव्हती.

हे तुम्हालाही करून पाहता येईल. शंभरपर्यंत म्हणणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला सांगा, 'डब्यातून सात शेंगदाणे आण.' तो कसा मोजतो ते नुसतं पाहा. शेंगदाणा उचलून बाजूला ठेवतो का? मोजलेला पुन्हा मोजतो का? सातावर थांबतो का? छापलेला फुगा बाजूला सरकवता येत नाही, म्हणून सरकवून मोजण्याची ही सगळी धडपड कागदावर होतच नाही, आणि शिकणं नेमकं त्या धडपडीत असतं. मराठीत तर आणखी एक अडचण. एकोणतीस आणि एकोणचाळीस हे शब्द पुढचा दशक सांगतात आणि मागचा अंक लिहायला लावतात. दहा-दहाच्या जुड्या हाताने बांधलेल्या मुलाला यातून वाट सापडते. नुसत्या चौकटी भरलेल्याला सगळं पाठच करावं लागतं.

गैरसमज : ३ उलटा काढतो, म्हणजे काहीतरी दोष आहे

देवनागरीत ३ आणि ६ जवळपास एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. मूल ३ च्या जागी ६ काढतं, इंग्रजीत बी आणि डीची अदलाबदल करतं. उलट्या बाजूने दिसणारी वस्तूही तीच वस्तू असते, हे मेंदूने आयुष्याच्या पहिल्या वर्षांत शिकलेलं असतं. पेला उजवीकडे वळवा की डावीकडे, पेलाच. अक्षरांसाठी मात्र हा नियम मोडावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. सहा-सात वर्षांपर्यंत असं होणं सर्रास आढळतं. दुसरीनंतरही ते टिकलं आणि सोबत वाचनही अडखळत असेल, तर तज्ज्ञांना दाखवावं. तोवर लाल शाईने फुल्या मारू नयेत.

गैरसमज : वह्या-पुस्तकं नसलेल्या बालवाडीतली मुलं पहिलीत मागे पडतात

आईवडिलांच्या मनातली खरी भीती ही आहे आणि तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. शेजारचं मूल शंभरपर्यंत लिहितं आणि आपलं मातीत खेळतं, तेव्हा पोटात गोळा येतोच.

आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे १४,००० मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्यापर्यंत पाठपुरावा करणारा एक मोठा भारतीय अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. खासगी बालवर्गांत बहुतेक ठिकाणी पहिलीचाच अभ्यास खाली ओढलेला आढळला. तरीही पाच वर्षांची बरीच मुलं शाळेसाठी हवी तेवढी तयार नव्हती. आखून घेतलेले खेळ, गप्पा, गोष्टी, वर्गीकरणाची कामं जिथे होती, तिथली तयारी चांगली होती. खेळ 'आखलेले' होते, हे महत्त्वाचं आहे. मुलांना सोडून देऊन बाईंनी रजिस्टर भरत बसणं याला खेळातून शिक्षण म्हणत नाहीत.

न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचायला शिकलेल्या आणि सातव्या वर्षी सुरुवात केलेल्या मुलांची तुलना केली. अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचनाच्या ओघात दोघांत फरक उरला नव्हता. ती भाषा इंग्रजी, आपली लिपी वेगळी. पण दोन वर्षांची घाई पुढे टिकत नाही, एवढं त्यातून दिसतं.

सरकारी धोरणही इथे स्पष्ट आहे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी नेमलेलं पाठ्यपुस्तक असू नये, असं म्हटलं आहे. मूल्यमापन निरीक्षणातून आणि मुलांनी केलेल्या कामातून करायचं आहे.

महाराष्ट्राला यात नवं काही नाही. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून आल्या, १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांसोबत ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पाड्यांवरच्या मुलांसाठी विकतचं मॉन्टेसरी साहित्य परवडणारं नव्हतं. त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे वापरले आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. आपल्या अंगणवाडीची मुळं तिथे आहेत. पालघर जिल्ह्यातल्या त्या टेकडीवर जे बियांनी आणि खड्यांनी साधलं, त्यासाठी आज शहरात रंगीत छपाईचे संच विकत घेतले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गैरसमज : मग वर्कशीट वाईटच

तसंही नाही. सिनिअर केजीच्या मुलाला भूलभुलैया सोडवण्यात, अर्धवट चित्र पुरं करण्यात, कात्रीने रेघेवरून कापण्यात खरा आनंद मिळतो. त्यात त्याला काहीतरी ठरवावंही लागतं. ज्या पानाला एकच उत्तर आहे, त्यापेक्षा 'या झाडावर तुला हवं ते काढ आणि मला सांग' हे पान जास्त काम करतं. आधी चिंचोके वाटून झाले, मग त्याचंच चित्र कागदावर आलं, तर तो कागद उपयोगाचा. दहा मिनिटांत संपावा, मूल कंटाळलं तर अर्धा राहिला तरी चालावा. तीन वर्षांच्या मुलाला याचीही गरज नाही.

शाळेने घरी पाच पानं पाठवली, तर मुलाला त्यांतलं एक निवडू द्या, उरलेल्यांतला विषय भाजी निवडताना किंवा जिना चढताना घ्या, आणि डायरीत टीचरना तसं मोकळेपणाने लिहा. पालकसभेत फाइल बघून झाली, की आणखी तीन गोष्टी विचारा: माझं मूल कुणाशी खेळतं, कोणती गोष्ट पुन्हा सांगायला लावतं आणि या महिन्यात त्याने स्वतःहून काय विचारलं. टीचरना याची उत्तरं देता यावीत, यासाठी त्यांच्या वर्गात तीसऐवजी वीस मुलं असायला हवीत. ही मागणी त्या एकट्या करू शकत नाहीत. ती पालकांनी त्यांच्यासोबत व्यवस्थापनाकडे न्यायला हवी.