आडनाव काय म्हणालात?

चाळीसगाव स्टेशनवर उतरून धुळ्याच्या कोर्टात तारखेला वेळेवर पोहोचायचे, तर एस.टी.च्या भरवशावर राहून भागत नाही. बाहेर काळी-पिवळी उभी असते. माणसे भरली की निघते. ती गावाबाहेर पडायच्या आत शेजारचा प्रवासी विचारतो, "कोणतं गाव, भाऊ?" गाव सांगितले की, "आडनाव काय म्हणालात?" त्यानेही उलगडा झाला नाही तर, "तिथं आमची सोयरिक आहे, तुमचं घर कोणत्या बाजूला?" आणि शेवटी कुलदैवत! उलटतपासणी आम्ही एलएल.बी.ला शिकलो, हे लोक ती पाळण्यातच शिकून येतात. शहरात तरी काय वेगळे आहे? मोबाईलवरून मागवलेल्या गाडीत ड्रायव्हरचे नुसते पहिले नाव दिसले, की मागे बसलेल्या साहेबाला चैन पडत नाही. "पुढे काय लावता?"

याच चाळीसगावला 1929 साली बाबासाहेब उतरले होते. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते, बॅरिस्टर होते. पण त्यांना महारवाड्यात न्यायला टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने देतो म्हणाला, हाकणार नाही म्हणाला! मग ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती, अशा आपल्याच माणसाने लगाम धरला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले.

आज "गाडीत बसू नका" असे कोणी म्हणत नाही. म्हटले तर तो गुन्हा आहे. 1955 च्या कायद्याचे (आजचा नागरी हक्क संरक्षण कायदा) कलम 4 त्यासाठीच आहे. दार उघडे आहे. आत बसल्यावर जी चौकशी होते, तिला मात्र कलम नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचे आडनाव असे, की ते मराठ्यांत सापडते, माळ्यांत सापडते आणि आपल्यातही. शेजारच्या गृहस्थांनी ते ऐकले आणि आम्हाला आपल्यात जमा करून टाकले. वयाने मोठे, बोलायला गोड. पेरू मोडून अर्धा आमच्या हातावर ठेवला. मग सुरू झाले, "आपल्या पोरांना नोकऱ्या राहिल्या नाहीत. आणि जरा बोललं की हे लोक ॲट्रॉसिटी टाकतात. सगळ्या खोट्या केसेस!" मांडीवर आमची फाईल होती. 1989 च्या त्याच कायद्याखालची. फिर्यादी बाई पोरांना घेऊन कोर्टाच्या पायरीवर आमची वाट बघत होती.

आणि आम्ही गप्प बसलो. सभेत तासतास बोलणारे आम्ही, पेरू खात मेहुणबाऱ्यापर्यंत गप्प बसलो! गर्दी आहे, तारीख आहे, वाद कशाला, अशी कारणे मनात जुळवत राहिलो. खरे कारण एवढेच होते, की त्या माणसाचा गोडवा जाईल याची आम्हाला भीती वाटली. चाळीस वर्षे ओलांडलेल्या वकिलाला!

गिरणेचा पूल गेल्यावर फाईल उघडून आम्ही म्हणालो, "काका, आम्ही बौद्ध आहोत. ही केस त्याच कायद्याची आहे. बाईला विहिरीवरून हाकलून मारले आहे. यातले खोटे काय ते तुम्ही वाचून सांगा."

काकांनी फाईल घेतली नाही. ते खिडकीबाहेर बघू लागले. पुढच्या सीटवरचे बोलणेही थांबले. ड्रायव्हरने आरशातून एकदा पाहिले. धुळे येईपर्यंत गाडीत कोणी कोणाला गाव विचारले नाही. उतरताना मात्र काका घुटमळले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, भावकीच्या वाटणीचं काम घेता का?" आम्ही कार्ड दिले. त्यांनी ते नीट वाचून खिशात ठेवले. फोन अजून आलेला नाही.

सगळे पांगल्यावर ड्रायव्हरला भाडे द्यायला गेलो. सुटे पैसे परत देता देता तो पुटपुटला, "जयभीम, साहेब."

आम्ही मोठ्याने "जयभीम" म्हणालो. त्याने आधी मागे वळून पाहिले, कोणी ऐकले तर नाही ना.