चेहऱ्यापासून पडद्यापर्यंत

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या स्टुडिओत मी काही दुपारी नुसता बघत बसलो. बाहेर ऊन आणि रिक्षांची गर्दी, आत खिडकी बंद केलेली लांबट खोली. मागच्या भिंतीला छताजवळ पडद्यांचे रोल टांगलेले होते : पांढरा, आकाशी, मरून आणि करडा. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "मागे कोणता रंग घेणार?" फोटोग्राफर मात्र आधी स्टूल कुठे ठेवायचं ते ठरवतो. पडदा फोटोत कसा दिसेल, हे त्याच्या रंगाइतकंच चेहरा, दिवा आणि पडदा यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असतं.

करड्या पडद्यावर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो. चेहरा दिव्यापासून 3 फुटांवर आणि पडदा 6 फुटांवर असेल, तर चेहऱ्यावर जेवढा उजेड पडतो त्याचा चौथा हिस्साच पडद्यावर पोचतो आणि करडा रंग गडद दिसतो. पडदा 12 फुटांवर गेला की सोळावा हिस्सा उरतो आणि तोच करडा जवळजवळ काळा होतो. पडद्यावर वेगळा दिवा टाकला, तर तो पांढराही होतो. आपल्याकडच्या बहुतेक स्टुडिओंत 12 फूट मोकळे मिळत नाहीत. मग पडदा मागे न्यायच्या ऐवजी दिवा चेहऱ्याजवळ आणायचा. खोली तेवढीच राहते, तरी मागचा करडा खोल होत जातो.

पासपोर्ट फोटोचा हिशोब याच्या उलट. पांढरा पडदा, चेहऱ्यावर सावली नको, मागेही सावली नको. दोन दिवे दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर, आणि स्टूल पडद्यापासून चांगलं पुढे, म्हणजे डोक्याची सावली पडद्यावर न पडता चौकटीबाहेर जाते. चष्मा असेल तर दिवे वर चढवायचे आणि हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगायची, नाहीतर काचेत दिवाच दिसतो. या उजेडात नाकाचा उंचवटा, गालाची गोलाई पुसली जाते. हा फोटो ओळख पटवण्यासाठी असतो, आणि तेवढ्यापुरता हा सपाट उजेड योग्यच आहे. अडचण होते ती हीच मांडणी प्रत्येक फोटोला वापरली की.

माणसाचा फोटो काढायचा असेल, तेव्हा हा फोटोग्राफर एक दिवा बंद करतो. उरलेला दिवा, म्हणजे पांढऱ्या कापडामागे बसवलेला सॉफ्टबॉक्स, डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर, एका बाजूला तिरका. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता. तक्ता जवळ सरकवला की गालावरची सावली पातळ होते, लांब नेला की दाट. डोळ्यांच्या वरच्या भागात दिव्याचा लहानसा ठिपका दिसेपर्यंत तो दिवा खालीवर करतो. तो ठिपका नसला तर नजर विझलेली वाटते.

बाजूच्या उजेडाने चेहरा किती बदलतो, याचं प्रात्यक्षिक या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्याला पाहायला मिळतं. पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात धर्मचक्रमुद्रेतली बुद्धमूर्ती आहे. गाइड दिवा सरकवून दाखवत आले आहेत : एका बाजूने उजेड आला की ओठांवर स्मित उमटतं, दुसऱ्या बाजूने चेहरा गंभीर होतो, समोरून तो ध्यानस्थ वाटतो. विजेचे दिवे नव्हते तेव्हा आरसा आणि पांढरं कापड धरून बाहेरचं ऊन लेण्यात खोलवर नेलं जाई. स्टुडिओतला थर्माकोलचा तक्ता तेच काम करतो.

पडद्याच्या इतिहासाचा एक धागाही या शहराशी जुळतो. 1948 पर्यंत हे शहर निजामाच्या राज्यात होतं. त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा लाला दीनदयाळ यांचा सिकंदराबादचा स्टुडिओ 1880 च्या दशकातला. त्या काळी काचेच्या छतातून येणारा दिवसाचा उजेड कापडी पडदे ओढून कमीजास्त केला जाई, आणि माणसामागे रंगवलेले खांब, जिने, बागा असत. फोटो उमटायला वेळ लागे, म्हणून हात टेकायला मेज किंवा खुर्चीची पाठ दिली जाई. पुढे फोटो क्षणात निघू लागला, पण रंगवलेला पडदा कितीतरी वर्षं टिकला. घरात नसलेला जिना आणि कारंजं फोटोत तरी असावं, ही हौस त्यामागे होती, आणि ती मला खोटी वाटत नाही.

एका दुपारी आई आणि मुलगी आल्या. मुलगी सावळी, अंगावर ठेवणीतली पैठणी. आई म्हणाली, "भाऊ, जरा उजळ येऊ द्या. बायोडाटाला लावायचाय." फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, उजेड मी देतो. रंग तिचाच राहू द्या."

त्याने पांढरा रोल गुंडाळला आणि करडा सोडला. याला कारण आहे. कॅमेऱ्याला आपोआप मोजू दिलं, तर तो समोरच्या सगळ्याची सरासरी मध्यम करड्यावर आणतो. मागे पांढरं जास्त असलं की तो उजेड घटवतो आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. मग तोच चेहरा संगणकावर खरवडून गोरा केला जातो. चूक मोजमापाची, आणि शिक्षा मुलीच्या रंगाला. म्हणून त्याने उजेड चेहऱ्यावर मोजला.

सावळी त्वचा दिव्याची चमक सुरेख धरते. चेहऱ्याचा आकार त्या चमकेतून उमटतो. दिवा लहान असला तर कपाळावर पांढरा डाग पडतो. सॉफ्टबॉक्स मोठा आणि जवळ असला तर गालावर, नाकाच्या कडेला रुंद, मऊ झळाळी पसरते. मागून एक छोटा दिवा केसांवर टाकला, म्हणजे काळे केस गडद पडद्यात बुडाले नाहीत. पैठणीलाही हाच उजेड मानवला. समोरून थेट फ्लॅश मारला की जरीचे काठ ठिकठिकाणी पांढरे फुटतात. बाजूच्या रुंद उजेडात मोर, कमळ, वेल ओळखू येतात, आणि ताणा-बाण्याच्या दोन रंगांची धूपछाव पदराच्या घडीत दिसते.

आईने संगणकाच्या पडद्यावर फोटो बराच वेळ पाहिले. हनुवटीवरची पुळी तेवढी काढायला सांगितली. ती त्याने लगेच काढली, कारण पुळी आठ दिवसांत जाणारच होती. रंगाला हात लावला नाही, आणि आईनेही पुन्हा तो विषय काढला नाही.

पांढरा फेटा बांधून आलेल्या एका आजोबांसाठी त्याने मरून पडदा लावला. पांढऱ्यावर फेट्याची कडच हरवली असती. सुरकुत्यांसाठी थर्माकोल थोडा जवळ घेतला, पण सुरकुत्या घालवल्या नाहीत. हा फोटो घरातल्या भिंतीवर लागणार होता, नातवंडांनी आजोबांना ओळखायला हवं होतं.

आज मोबाइलवर एका बोटाने कोणीही गोरं, गुळगुळीत होतं. तरीही लोक स्टुडिओत येतात, म्हणून तिथल्या माणसाची जबाबदारी मोठी आहे. पुढच्या वेळी फोटोला जाल तेव्हा पडद्याचा रंग निवडण्याआधी एवढंच सांगा : स्टूल पडद्यापासून पुढे घ्या, दिवा बाजूला घ्या, आणि माझा रंग आहे तसा ठेवा. यासाठी महागडं सामान लागत नाही. एक दिवा, एक थर्माकोल आणि थोडी सरकवासरकव करण्याची तयारी पुरते. सावळा चेहरा त्याच्याच रंगात देखणा दाखवणं हे फोटोग्राफरचं मूळ काम आहे, आणि ते मागून घेणं हा आपला हक्क आहे.