अफवेचा गुणनांक

१३ सप्टेंबर २०२२ रोजी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात, लवंगा या गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना जमावाने बेदम मारले. साधू विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. त्यांनी एका मुलाला वाट विचारली, एवढेच. पण त्या सुमारास मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. साधूंच्या आधी त्यांची भीती गावात येऊन बसली होती. ते खरोखरच साधू आहेत, हे पोलिसांच्या चौकशीत निष्पन्न झाले.

त्यांचे प्राण तरी वाचले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेने मंगळवेढा भागातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा बळी घेतला. त्या खटल्यात २०२४ साली सात जणांना जन्मठेप झाली. हे मारणाऱ्या हातांचे झाले. संदेश पुढे ढकलणाऱ्या अंगठ्यांचा हिशेब कसा मांडावा? भौतिकशास्त्रातील एक जुनी कल्पना येथे उपयोगी पडते.

युरेनियमचे अणुकेंद्रक फुटले की दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. काही दुसरी केंद्रके फोडतात, काही वाया जातात. एका पिढीतील प्रत्येक न्यूट्रॉनमागे पुढच्या पिढीत सरासरी किती न्यूट्रॉन येतात, त्या संख्येला गुणनांक म्हणतात. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे एन्रिको फर्मी यांनी पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवून आणली, तेव्हा हा गुणनांक होता अवघा १.०००६. न्यूट्रॉन गिळणाऱ्या कॅडमियमच्या कांड्या आत सारल्या की तो एकाच्या खाली येई आणि प्रक्रिया विझून जाई.

आता वही घ्या. समजा, एक अफवा १,००० जणांना मिळाली आणि त्यांच्यातील दर दहा जणांमागे ती ११ नव्या माणसांपर्यंत गेली. गुणनांक १.१. विसाव्या टप्प्याला ती सुमारे ६,७०० जणांच्या हाती पडेल. दहा जणांमागे ९ माणसांपर्यंतच गेली, तर विसाव्या टप्प्याला उरतील सुमारे १२०. फरक किती? दहा जणांमागे दोन माणसांचा! प्रत्यक्षात कोणी एकालाच पाठवतो, तर कोणी शंभर जणांच्या गटात टाकतो. पण सरासरीचा नियम कोणाला सोडत नाही. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. ही कॅडमियमची कांडीच म्हणायची. मात्र पाच हा आकडाही एकाहून मोठाच आहे.

यात मी स्वतः कसा सापडलो, तेही सांगतो. 'आज रात्री विश्वकिरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाईल बंद ठेवा' असा एक संदेश दरवर्षी फिरतो. विश्वकिरण काही मुहूर्त पाहून येत नाहीत! त्यांच्यापासून वातावरणात निर्माण होणारे म्यूऑन नावाचे कण तुम्ही हे वाचत असतानाही, दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक या प्रमाणात, तुमच्या तळहातातून आरपार जात आहेत. मी तो संदेश साताऱ्यातील आमच्या शिक्षकांच्या गटात टाकला आणि खाली लिहिले, 'पाहा, लोक काय काय खपवतात.' रात्री विट्याहून मावशीचा फोन. "अरे, मोबाईल बंद कर. तुमच्या साताऱ्याच्या फिजिक्सच्या सरांनीच कळवलंय म्हणे!" माझी टीप गटातच राहिली होती. संदेश तेवढा पुढे गेला होता, आणि वर माझ्या पदवीचे वजन घेऊन.

अणुभट्टीची आणखी एक गंमत आहे. युरेनियम-२३५ च्या विखंडनात दर हजार न्यूट्रॉनांपैकी सहा-सातच काही सेकंद उशिरा बाहेर पडतात. पण या थोड्या उशिरामुळेच कांड्या हलवायला सवड मिळते. एरवी अणुभट्टी माणसाला आवरली नसती. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ सालीच संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली. हेतू मुलांच्या अभ्यासाचा होता, अफवांचा नव्हे. तरीही मला त्यात ते उशिरा येणारे न्यूट्रॉन दिसतात. सातला आलेला संदेश साडेआठला वाचणाऱ्याच्या हातून गुणनांक वाढणे जरा अवघडच.

वर्गात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "पण सर, बातमी खरी असली आणि आपण थांबलो तर?" प्रश्न अगदी रास्त आहे. मूल खरोखरच हरवले असेल, तर ११२ किंवा १०९८ फिरवावा. तेथे फोन उचलणारा माणूस "कोठे? केव्हा? तुम्ही स्वतः पाहिलेत का?" असे विचारतो. लवंग्यात त्या दिवशी हेच प्रश्न विचारले गेले, पण मारहाण झाल्यानंतर.