मोटरची केबल किती जाडीची घ्यावी?

आपल्या कारंजा तालुक्यात तूर पिकते. तिची डाळ गावातच व्हावी म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही मिनी डाळ मिल तयार केली. विदर्भातल्या अनेक बचत गटांनी ती घेतली. कुणी आटाचक्की घेतली, कुणी मिरची कांडप. मशीन घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, पण मीटरपासून मशीनपर्यंतची केबल दुकानदार देईल ती घेतो. आज त्या केबलबद्दल बोलू.

दुकानात ‘दीड एमएम’, ‘चार एमएम’ म्हणतात, ते तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ असतं, चौरस मिलिमीटरमध्ये. तार जितकी बारीक आणि लांब, तितका विजेला अडथळा जास्त. त्या अडथळ्यात काही वीज उष्णता होऊन जाते. मीटर तीही मोजतं आणि बिल आपण भरतो.

एक हिशोब करू. चक्कीची मोटर दोन एचपीची, सिंगल फेज आहे. ती साधारण १० अँपिअर वीज ओढते. मीटर ४० मीटरवर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणून तार धरायची ८० मीटर. तांब्याच्या दीड एमएम केबलमध्ये सुमारे १०६ वॅट वाया जातात, चार एमएममध्ये ४०. फरक ६६ वॅटचा. चक्की रोज सहा तास, वर्षात ३०० दिवस चालली, तर जवळपास १२० युनिट झाले. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १,२०० रुपये. जाड केबलला समजा ३,००० रुपये जास्त लागले, तर ते अडीच वर्षांत वसूल होतात. पुढे केबल टिकेल तितकी वर्षं बचतच.

मग सहा एमएम घ्यावी का? चारवरून सहावर गेलं तर वर्षाला फक्त २५ युनिट वाचतात, म्हणजे २५० रुपये. पुन्हा ३,००० जास्त मोजले तर वसुलीला बारा वर्षं. तसंच डाळ मिल वर्षात दोनच महिने चालत असेल, तर दीडऐवजी चार एमएम घेऊनही बचत २४० रुपयांचीच. म्हणून अंतर, मोटर आणि चालण्याचे तास, हे तिन्ही पाहूनच ठरवा.

पण नुसतं बिल पाहून भागत नाही. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते. तेव्हा दीड एमएममध्ये पन्नास-साठ व्होल्ट वाटेतच पडतात. चार एमएममध्ये वीस-पंचवीस. व्होल्टेज कमी असलेल्या दिवशी मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि वाइंडिंग जळायची भीती असते. ऐन हंगामात मोटर जळली तर गटाचा हप्ता अडतो. मात्र मीटरपर्यंतच व्होल्टेज कमी येत असेल, तर जाड केबलने ते वाढत नाही. तिथे महावितरणकडेच तक्रार करावी लागते.

दुकानात जाण्याआधी अंतर दोरीने मोजा. मोटरच्या पाटीवरचे अँपिअर लिहून घ्या. केबलवर आयएसआय खूण पाहा. ॲल्युमिनियमची तार स्वस्त असते, पण तिचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून ती आणखी जाड लागते. आणि जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. ढिल्या जोडाने चांगली केबलही जळते.