मुक्कामाचे मोल

प्रवासाचा खर्च म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तिकिटाचा दर येतो. रेल्वेचे भाडे थोडे वाढले तरी लोकसभेत त्याची चर्चा होते. मुक्कामाचा खर्च मात्र मुकाट्याने वाढतो आणि त्याची दाद कोणाकडे मागावी हेही कोणास ठाऊक नसते. गोवा आणि कोकणातून गुजरातेत यात्रेस जाणाऱ्या सामान्य कुटुंबांना आज नेमका हाच अनुभव येत आहे.

दत्तसंप्रदायाच्या भाविकांना गरुडेश्वराचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. आजच्या सिंधुदुर्गातील माणगावी १८५४ मध्ये जन्मलेले वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी १९१४ मध्ये नर्मदाकाठच्या या गावी समाधिस्थ झाले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर आपल्या किनाऱ्यावरून बडोदे थेट गाडीने गाठता येऊ लागले. तेथे उतरावे आणि गरुडेश्वर, नारेश्वर, डाकोर, पावागड असा फेरा करावा, ही अनेकांची रीत. बडोदे गायकवाडांचे, त्यामुळे मराठी माणसाला ते परके कधीच वाटले नाही. शहराच्या वायव्येस गोरव्यासारख्या कारखान्यांच्या वस्तीत एखादा भाचा किंवा मेहुणा नोकरीनिमित्त स्थायिक झालेला असला, की त्याच्या दोन खोल्यांत आठ माणसांचे अंथरूण पडत असे. आता घरेही लहान झाली आणि पाहुणेही संकोचू लागले. ज्यांचे तेथे कोणी नाही त्यांचा प्रश्न तर आणखी बिकट. त्यांना बाजारातच मुक्काम विकत घ्यावा लागतो.

या बाजारात काय चालले आहे? गरुडेश्वराजवळच केवडिया येथे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे उद्घाटन झाले आणि त्या परिसरात तंबूंची नगरी उभी राहिली. तंबू म्हणजे कनात आणि सतरंजी, ही आपली जुनी समजूत. या तंबूंत वातानुकूलन आहे, पलंग आहेत आणि एका रात्रीचे भाडे हजारांच्या घरात आहे. ज्याला परवडते त्याने तेथे खुशाल राहावे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी की, वरच्या पायऱ्या संगमरवरी होत असताना तळची पायरी मात्र काढून घेतली जात आहे.

कराचेच उदाहरण घ्या. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर १८ जुलै २०२२ पूर्वी वस्तू व सेवा कर नव्हता. त्या दिवसापासून तो १२ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या सर्वच खोल्यांवर ५ टक्के दर आला आणि त्याचा सवलत म्हणून गाजावाजा झाला. हिशेब मांडून पाहिला की सवलत कोणास मिळाली ते कळते. सात हजारांच्या खोलीवरचा कर ८४० रुपयांवरून ३५० रुपयांवर उतरला. आठशे रुपयांच्या खोलीवर पूर्वी एक पैसाही नव्हता, तेथे आज ४० रुपये द्यावे लागतात. धार्मिक न्यासांच्या हजारांखालील खोल्यांना सूट आहे, ही गोष्ट स्वागतार्ह. परंतु अशा खोल्या मोजक्या आणि मागणारे असंख्य.

आपले घरही यात निर्दोष नाही. बस करून येणारी, समुद्रकाठी चूल मांडून पिठले-भात शिजविणारी कुटुंबे गोव्याला नकोशी झाली. पर्यटन खात्याने २०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस उघड्यावर स्वयंपाक करण्यास मनाई केली आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. किनाऱ्यावर खरकटे पडू नये, हे कोणीही मान्य करील. पण मनाई करताना, चूल मांडायला ही जागा घ्या, येथे नळ आहे, येथे शौचालय आहे, असे सांगावयास नको होते काय? आमचा शेजारी जी वागणूक आमच्या दारी सोसतो, तीच आम्हाला त्याच्या दारी मिळाली तर रागवायचे कोणी?

वास्तविक ही विद्या आपणास नवी नाही. मंगेशी-कवळ्याच्या देवस्थानांतील अग्रशाळा गोमंतकीयांना परिचित आहेत. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. गाडगे महाराजांनी स्वतःसाठी झोपडीही न बांधता पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. अमेरिकेसारख्या धनिक देशातही हा विचार सुटलेला नाही. तेथे २०२१ या एकाच वर्षात सुमारे सहा लाख फिरती घरे कारखान्यांतून बाहेर पडली. ती उभी करण्याच्या खासगी तळांचे भाडे चढले, तरी राष्ट्रीय उद्यानांतील साधे सरकारी तळ सामान्य कुटुंबास आधार देत राहिले.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा २०२६-२७ चा सिंहस्थ ही आपल्या राज्यकर्त्यांची कसोटी आहे. २०२५ च्या प्रयागराज कुंभात एका रात्रीस लाख रुपयांच्या घरातील निवासांचा बोलबाला झाला, तर लक्षावधी लोक उघड्यावर निजले. त्याची पुनरावृत्ती होऊ नये. सरकारी जमिनीवर तंबूनगरीचा ठेका देताना काही तंबू सामान्यांच्या दरात राखून ठेवण्याची अट घालावी. हजारांखालील खोली पुन्हा करमुक्त करावी. गोरव्यासारख्या शहराच्या कडेच्या वस्त्यांत नगरपालिकांनी पाणी, शौचालय, दिवा आणि स्वयंपाकाची जागा असलेले साधे तळ नाममात्र शुल्कात चालवावेत. हेच गोव्याच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर आपल्या सरकारनेही करावे.

यातील कोणत्याच गोष्टीला फार मोठा पैसा लागत नाही. आयुष्यभर काटकसर करून एकदा नर्मदामाईचे दर्शन घ्यावे, अशी इच्छा धरणारी वृद्ध माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. तिकिटापुरते पैसे त्यांच्या गाठीशी असतात. रात्रीच्या निवाऱ्यापुरते नसतात. त्यांची यात्रा त्या एका रात्रीसाठी राहून जाऊ नये.